तुरुंगातला अर्ज आणि मराठी वाचक

मराठीत तुरुंगात लिहिलेल्या पुस्तकांची वाण नाही. लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ मंडालेचे, विनोबांची ‘गीता प्रवचने’ धुळ्याची, साने गुरुजींची ‘श्यामची आई’ नाशिकची. ही पुस्तके मराठी घरांत पोथ्यांच्या शेजारी जाऊन बसली. पण ती तुरुंगात लिहिली गेली हे आपल्याला कळते ते प्रस्तावनेवरून. पुस्तकाच्या आत तुरुंग सापडत नाही. ‘श्यामची आई’त कोकण आहे, आई आहे, गरिबी आहे, गहिवर आहे, पण नाशिकचा तुरुंग नाही. आणि मराठी समीक्षेने नेमक्या याच गुणासाठी या पुस्तकांना मान दिला आहे. लेखक कोठडीत होता, तरी कोठडीची सावली पुस्तकावर पडली नाही, हे आपले कौतुकाचे वाक्य.

या लेखात मला त्या कौतुकाकडे थोडे संशयाने पाहायचे आहे. तुरुंगात आणखी एक लेखन होत असते. ते पुस्तकापेक्षा कितीतरी जास्त होते आणि जवळजवळ कोणी वाचत नाही. ते म्हणजे अर्ज. औषध मिळावे, चष्मा परत मिळावा, अटकेचे कारण कळावे, घरच्यांना भेटू द्यावे, अशा मजकुराचे. शिक्षा झालेला माणूस ग्रंथ लिहू शकतो, कारण त्याला सुटकेची तारीख ठाऊक असते. खटल्याशिवाय डांबलेल्या माणसाला ती तारीख नसते, म्हणून तो अर्ज लिहितो. मनमानी अटकेचे खरे वाङ्मय अर्जात आहे, आणि ते कसे वाचावे हे आपण शिकलेलो नाही, असे माझे म्हणणे आहे.

मी विद्यापीठातला माणूस नाही. अंबरनाथला राहतो, कारखान्यातली नोकरी सांभाळून वाचत आलो. जुनी पुस्तके हवी असली की लोकल पकडून बदलापूरला ग्रंथसखा वाचनालयात जातो. आमच्या या पट्ट्यात तुरुंग नाही, पण दोन बाजूंना दोन आहेत. एकीकडे कल्याणचे आधारवाडी, दुसरीकडे मलंगगडाच्या रांगेपलीकडे तळोजा. त्यातल्या तळोजाकडे मी पुढे येणार आहे. त्याआधी आपली वाचायची सवय कुठून आली ते पाहावे लागेल.

पोथीतली पावती

धर्मपुरुषाला सत्तेने छळल्याच्या कथा मराठी माणूस लहानपणापासून ऐकतो. चोखोबांना बैलांना जुंपून ओढण्याची शिक्षा होते, बैल जागचे हलत नाहीत. जनाबाईसाठी सूळ उभा करतात, सुळाचे पाणी होते. मंगळवेढ्याचे दामाजीपंत दुष्काळात सरकारी कोठारे लोकांसाठी उघडतात, बेदरहून पकडून आणण्याचा हुकूम निघतो, आणि ते पोचण्याआधीच विठू महार धान्याची सगळी रक्कम दरबारात भरून मोकळा होतो. महिपतीने १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या ‘भक्तविजया’त या कथा आहेत आणि कीर्तनांतून त्या आजही चालू आहेत.

दामाजीच्या कथेतला एक बारकावा मला फार महत्त्वाचा वाटतो. विठू महार पैसे भरतो आणि पावती घेतो. ती पावती पुढे दामाजीपंतांना आपल्या पोथीत सापडते. म्हणजे साक्षात पांडुरंगालाही सरकारी कागद लागला. कथा रचणाऱ्या लोकांना राज्य कसे चालते हे पक्के ठाऊक होते. नुसता चमत्कार त्यांना पुरेसा वाटला नाही. दप्तरात नोंद झाल्याशिवाय माणूस सुटत नाही, हे त्यांना कळत होते.

पण या कथांनी आपल्याला एक सवयही लावली. खरा संत असेल तर सुटतो. सूळ वितळतो, बैल अडतात, पावती मिळते. जो सुटला नाही त्याच्याविषयी कथा नाही. म्हणून कोणी धर्मपुरुष कोठडीत खितपत मरतो, तेव्हा त्याला ठेवायला आपल्या कथांमध्ये जागाच सापडत नाही. मग आपण दोनपैकी एक करतो. एक तर तो खरा संत नव्हताच असे ठरवतो, नाही तर त्याला हुतात्मा करून त्याच्या हालांवर हार घालतो. त्याने काय मागितले होते हे दोन्ही वेळा विचारायचे राहून जाते.

आश्रम

२१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केले. अठरा रविवार, अठरा अध्याय. ती उतरून घेतली साने गुरुजींनी, म्हणून आज ती आपल्या हातात आहेत. पुढच्या वर्षी ९ ते १३ फेब्रुवारी या पाच दिवसांत गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहून काढली. त्या पुस्तकाची मांडणी आठवा. रोज रात्री प्रार्थना झाली की श्याम आपल्या मित्रांना एक आठवण सांगतो, आणि हे घडते ते आश्रमात. तुरुंगात लिहिणाऱ्याने तुरुंगाच्या जागी आश्रम ठेवला.

हे त्या दोघांचे मोठेपण होते, याबद्दल मला शंका नाही. जो तुरुंग माणसाला लहान करण्यासाठी बांधलेला असतो त्याचा आश्रम करणे ही एक लढाईच आहे. पण मागून येणाऱ्या वाचकाने त्यातून एक नियम काढला. सत्पुरुष तुरुंगात गेला की त्याने शांत असावे, चिंतन करावे, काही मागू नये. अडचण अशी की धुळ्याचे श्रोते आणि वक्ते सविनय कायदेभंगात शिक्षा भोगत होते, त्यांची मुदत ठरलेली होती. रविवारी रविवारी अध्याय मांडायला पुढचे रविवार मोजता यावे लागतात.

मुदत नसलेली कैद ही वेगळी गोष्ट आहे, आणि तीही आपल्याकडे जुनी आहे. १८९७ मध्ये टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. त्याच सुमारास पुण्याच्या नातू बंधूंना १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली उचलले गेले. आरोप नाही, खटला नाही, मुदत नाही. टिळकांच्या खटल्याविषयी मराठीत कपाटभर मजकूर आहे, नातूंच्या स्थानबद्धतेवर जेमतेम काही पाने. खटल्याला कथा असते, त्यात वकील असतो, न्यायाधीश असतो, बाणेदार उत्तर असते. स्थानबद्धतेत नुसते थांबणे असते.

विद्यापीठ

आणीबाणीत ही गोष्ट महाराष्ट्राच्या घराघरांत आली. २५ जून १९७५ नंतरच्या दिवसांत देशभर धरपकड झाली. शहा आयोगाच्या अहवालाप्रमाणे ‘मिसा’खाली सुमारे ३५ हजार माणसे स्थानबद्ध झाली. ४ जुलैला ज्या संघटनांवर बंदी आली त्यांत राष्ट्रीय स्वयंसेवक संघ, जमाते इस्लामी आणि आनंदमार्ग या तिन्ही होत्या. सरसंघचालक बाळासाहेब देवरस येरवड्यात, जमातेचे कार्यकर्ते येरवड्यात, समाजवादीही येरवड्यात. बाहेर एकमेकांची तोंडे न पाहणारी माणसे तिथे शेजारी आली. कराडच्या साहित्य संमेलनाच्या व्यासपीठावरून जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करा असे सांगणाऱ्या दुर्गाबाई भागवतांनाही पुढे १९७६ मध्ये अटक झाली.

या कैदेतून जे मराठी लेखन आले त्यातले डॉ. कुमार सप्तर्षींचे पुस्तक बहुतेकांना ठाऊक आहे. त्याचे नाव ‘येरवडा विद्यापीठातील दिवस’. नावच बोलके आहे. १९३३ मध्ये तुरुंगाचा आश्रम झाला होता, १९७५ मध्ये विद्यापीठ झाले. त्या नावात थट्टा आहे, उमेद आहे, आणि हरलो नाही हे सांगण्याची ईर्षाही आहे. तरी वाचकाच्या मनात उरते ते असे की मंडळी आत जाऊन शिकून आली.

प्रत्यक्षात काय होते? जून १९७५ च्या अखेरीस निघालेल्या वटहुकमाने ‘मिसा’तल्या स्थानबद्धाला अटकेची कारणे कळवण्याचे बंधन सरकारवर उरले नाही. म्हणजे अर्ज करायचा तर खोडून काढायला आरोपच हातात नाही. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाचपैकी चार न्यायमूर्तींनी ठरवले की आणीबाणी चालू असेपर्यंत स्थानबद्धाला या अटकेविरुद्ध न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही. न्या. हंसराज खन्ना एकटे विरुद्ध गेले. तो निकाल चुकीचा होता हे सर्वोच्च न्यायालयाने स्वतः म्हटले ते २०१७ मध्ये. मधल्या काळात ज्यांचे आयुष्य संपले त्यांना या दुरुस्तीचा काय उपयोग?

आणि देह होता. मृणाल गोरे यांना अकोल्याच्या तुरुंगात कुष्ठरोगी आणि मनोरुग्ण कैद्यांच्या शेजारी एकटे ठेवल्याची नोंद आहे. बंगळूरच्या तुरुंगात अभिनेत्री स्नेहलता रेड्डी दम्याने घुसमटत होत्या. त्यांच्या कोठडीतून रात्री येणारा आक्रोश त्याच तुरुंगात असलेल्या मधू दंडवते यांनी पुढे नोंदवून ठेवला. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना पॅरोलवर सोडले आणि पाच दिवसांत त्या गेल्या. विद्यापीठाच्या रूपकात ही रात्र बसत नाही.

याच काळातला एक पत्रव्यवहार मराठी वाचकाने पुन्हा पाहावा असे मला वाटते. देवरसांनी येरवड्यातून १९७५ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधींना पत्रे लिहिली आणि १९७६ च्या सुरुवातीला विनोबांना. पंतप्रधान पवनारला येणार होत्या. त्यांच्या मनातला संघाविषयीचा गैरसमज आपण दूर करावा, बंदी उठावी, अशी ती विनंती होती. विनोबांचे वर्षभराचे मौन त्या वेळी नुकतेच संपले होते. त्यांचे ‘अनुशासन पर्व’ हे दोन शब्द सरकारने आणीबाणीच्या समर्थनासाठी भिंतीभिंतींवर लावले होते. ४४ वर्षांपूर्वी धुळ्याच्या तुरुंगात बसून गीता सांगणारा सत्पुरुष आता बाहेर होता, आणि येरवड्याच्या तुरुंगातून त्याच्या नावाने अर्ज जात होता.

त्या पत्रांचे पुढे काय झाले? संघाचे विरोधक ती ‘शरणागती’ म्हणून फडकवतात, संघाचे लोक ती ‘डावपेच’ म्हणून समजावतात. सावरकरांच्या अर्जांचे तर त्याहून वाईट झाले. १९११ ते १९२० या काळात अंदमानातून त्यांनी केलेल्या अर्जांवर महाराष्ट्रात आजही डोकी फुटायची वेळ येते. माफीवीर की मुत्सद्दी, एवढ्यावर सगळी चर्चा संपते. त्यांची शिक्षा खटला चालून झालेली होती हे खरे. पण ६ जानेवारी १९२४ ला सुटका झाली ती रत्नागिरी जिल्ह्याबाहेर न जाण्याच्या आणि राजकारण न करण्याच्या अटीवर, पाच वर्षांसाठी. ती मुदत सरकार वाढवत गेले, ती १९३७ पर्यंत. ही वाढ कोणत्याही न्यायालयाने दिलेली नव्हती. मनमानी स्थानबद्धतेचा एवढा लांबलचक मराठी दाखला समोर असताना आपण अर्जदाराच्या कण्याची मापे घेत बसलो आहोत.

अर्ज ही मुळात दोघांनी मिळून लिहिलेली गोष्ट असते. हात अर्जदाराचा, भाषा ज्याला अर्ज करायचा त्याची. ‘मेहेरबान साहेबांचे सेवेशी’ असे लिहिल्याशिवाय ज्या टेबलावर कागद सरकत नाही, तिथे हे शब्द लिहिणाऱ्याच्या मनाविषयी फार थोडे सांगतात आणि टेबलामागच्या माणसाविषयी पुष्कळ. समीक्षकाने वाचायचे ते हे दुसरे. अर्जात नम्रता किती आहे, यावरून सत्ता किती बेलगाम होती हे मोजता येते.

कॅम्प

आमच्या शेजारच्या उल्हासनगरात पत्ता सांगताना अजून ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर चार’ असे सांगतात. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित येऊन राहिले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. तुरुंगाच्या कागदांचा शोध घेताना मी या गावाकडेही वळलो, कारण इथल्या लोकांच्या मूळ प्रांतात १९४२–४३ साली जे झाले ते आपल्या विषयाचाच भाग आहे.

सिंधी घरांत हेमू कालाणी हे नाव आदराने घेतात. एकोणीस वर्षांचा मुलगा. १९४२ च्या चळवळीत सक्करजवळ लष्करी गाडीसाठी रूळ उखडताना पकडला गेला. खटला चालला तो मार्शल लॉ न्यायालयात. आधी दिलेली जन्मठेप वरच्या लष्करी अधिकाऱ्याने फाशीत बदलली आणि २१ जानेवारी १९४३ रोजी त्याला सक्करच्या तुरुंगात फाशी झाली. सक्करच्या प्रतिष्ठितांनी व्हाइसरॉयकडे दयेचा अर्ज केला होता, आणि साथीदारांची नावे सांगितली तर विचार करू अशी अट आली, ती हेमूने नाकारली, असे सांगतात. इथेही कथेच्या मध्यभागी अर्जच आहे.

पण तो मार्शल लॉ हेमूसाठी आलेला नव्हता. १ जून १९४२ ला तो लावला गेला हूर जमातीचे बंड मोडण्यासाठी. त्यांचे धर्मगुरू पीर पगारो सिबगतुल्ला शाह आधीच अटकेत होते. त्यांच्यावरचा खटला बंद दाराआड लष्करी न्यायालयात चालला. २० मार्च १९४३ ला हैदराबाद सिंध येथे त्यांना फाशी दिली आणि दफन कुठे केले हे अनुयायांना सांगितले नाही. हूरांची बायकामुलांसह कुटुंबे काटेरी तारांच्या वसाहतींत कोंडली गेली. हूरांनी हिंसा केली होती, निरपराध प्रवासी मारले होते, हेही खरेच. तरी आरोपीचे म्हणणे काय होते, ते लोकांसमोर येऊच न देणे ही सत्तेची वेगळी करामत आहे. हेमूची कथा उरली, कारण त्याच्यासाठी केलेला अर्ज लोकांना ठाऊक होता. पीराच्या बाजूचा कागद लोकांपर्यंत पोचलाच नाही, म्हणून आज त्यांच्याविषयी फक्त दोन टोकांच्या दंतकथा आहेत. अर्ज दाबला की माणूसही इतिहासातून पुसट होतो.

स्ट्रॉ आणि सिपर

आता तळोजा. फादर स्टॅन स्वामी हे जेझुइट धर्मगुरू. जन्म तमिळनाडूतला, काम झारखंडच्या आदिवासींमध्ये. नक्षलवादी ठरवून तुरुंगांत वर्षानुवर्षे कच्चे कैदी म्हणून ठेवलेल्या आदिवासी तरुणांची पाहणी त्यांनी केली होती आणि त्यांचे खटले लवकर चालावेत म्हणून झारखंड उच्च न्यायालयात याचिकाही केली होती. म्हणजे दुसऱ्यांसाठी अर्ज लिहिणे हे त्यांचे काम होते. ८ ऑक्टोबर २०२० रोजी राष्ट्रीय तपास यंत्रणेने त्यांना रांचीजवळच्या त्यांच्या राहत्या जागेतून भीमा कोरेगाव प्रकरणात अटक केली. बंदी असलेल्या माओवादी पक्षाशी संबंध असल्याचा आरोप होता, तो त्यांनी नाकारला. वय ८३, कंपवाताचा आजार, हातात पेला धरवत नव्हता.

६ नोव्हेंबर २०२० रोजी त्यांच्या वतीने मुंबईच्या विशेष न्यायालयात अर्ज झाला: अटकेच्या वेळी घेतलेला स्ट्रॉ आणि सिपर परत मिळावा. उत्तरासाठी तपास यंत्रणेला वीस दिवस मिळाले. वीस दिवसांनी उत्तर आले की असा स्ट्रॉ-सिपर आम्ही घेतलेलाच नाही. मग सिपरसाठी आणि थंडीच्या कपड्यांसाठी नवा अर्ज, त्यावर तुरुंगाचा अहवाल. एव्हाना देशभरातून लोक तळोजा तुरुंगाच्या पत्त्यावर सिपर पाठवू लागले होते.

हा अर्ज मी वाङ्मय म्हणून वाचावा असे म्हणतो, तेव्हा त्याची थट्टा करत नाही. एका वाक्याच्या मागणीत किती गोष्टी आल्या आहेत पाहा. हात थरथरतात हे आले. पाणी प्यायचे आहे हे आले. पाणी पिण्यासाठी न्यायाधीशाकडे जावे लागते हे आले. आणि उत्तराला लागलेल्या वीस दिवसांत सगळी यंत्रणा आली. कोणीही त्यांना मारले नाही, कोणी शिवी दिल्याची नोंद नाही. प्रत्येक टेबलाने आपापले काम नियमानुसार केले. छळाची आपली कल्पना चाबकाची आहे. हा छळ तारखांचा होता.

तुरुंगातून लिहिलेल्या पत्रांत स्टॅन स्वामींनी सहकैद्यांविषयी लिहिले: अरुण फरेरा जेवायला मदत करतात, व्हर्नन गोन्साल्विस अंघोळीला. इथे तुरुंगाचा आश्रम झालेला नाही, विद्यापीठही नाही. एका म्हाताऱ्याला दुसरा कैदी घास भरवतो आहे, एवढेच आहे आणि ते तुरुंगातच आहे. ‘आय अ‍ॅम नॉट अ सायलेंट स्पेक्टेटर’ हे त्यांचे पुस्तक २०२१ मध्ये आले. त्यांच्या या पत्रांना मला मराठी तुरुंगवाङ्मयाच्या शेजारी ठेवून वाचावेसे वाटते, कारण आपल्या परंपरेने जे झाकले ते यांत उघडे आहे.

२२ मार्च २०२१ ला त्यांचा जामीन फेटाळला गेला. यूएपीएच्या कलम ४३ड(५) प्रमाणे आरोप वरकरणी खरे वाटत असतील तर न्यायालयाला जामीन देता येत नाही. म्हणजे निकालाआधीच निकालाइतकी कैद. मे महिन्यात त्यांनी दूरचित्रसंवादावरून उच्च न्यायालयाला सांगितले की तळोजात आलो तेव्हा मी स्वतः चालत होतो, जेवत होतो, अंघोळ करत होतो, हळूहळू सगळे गेले. सरकारी रुग्णालय नको, आपल्या माणसांत राहू द्या, एवढे मागितले. २८ मे रोजी वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात हलवण्याची परवानगी मिळाली. ५ जुलै २०२१ रोजी उच्च न्यायालयात त्यांच्या जामिनाची सुनावणी चालू असतानाच रुग्णालयाच्या डॉक्टरांनी त्यांच्या मृत्यूची बातमी दिली. खटला सुरूही झालेला नव्हता. दामाजीची पावती इथे पोचली नाही.

एकच माप

इथवर वाचून काही वाचक मान डोलवतील, काही पान उलटतील. दोघांनाही एक प्रश्न. मालेगावच्या २००८ च्या बाँबस्फोटात साध्वी प्रज्ञासिंह ठाकूर यांना महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाने अटक केली. कोठडीत छळ झाला अशी त्यांची तक्रार होती. बेकायदा अटकेचा त्यांचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये फेटाळला. जामीन मिळाला २०१७ मध्ये आणि ३१ जुलै २०२५ ला त्या निर्दोष सुटल्या. त्याच मालेगावात २००६ च्या स्फोटांसाठी पकडलेले मुसलमान तरुण पाच वर्षे तुरुंगात राहिले आणि २०१६ मध्ये आरोपमुक्त झाले. ज्यांच्यावर स्फोटांत माणसे गमावण्याची वेळ आली त्यांना दोन्ही वेळा खरा गुन्हेगार कोण याचे उत्तर मिळालेले नाही. साध्वींची राजकीय मते मला अजिबात मान्य नाहीत. पण एकाच्या सिपरवर हळहळायचे आणि दुसरीच्या तक्रारीवर हसायचे, किंवा याच्या उलट, ही आपापल्या बाजूची हजेरी झाली. कोठडीतली तक्रार खरी की खोटी हे तपासावे लागते. ती कोणाची आहे हे पाहून आधीच ठरवता येत नाही.

हजेरीची ही सवय साहित्याच्या दारात कशी येते ते आपण डिसेंबर २०२२ मध्ये पाहिले. कोबाड गांधी यांच्या तुरुंग-आठवणींचा अनघा लेले यांनी केलेला अनुवाद ‘फ्रॅक्चर्ड फ्रीडम’ याला राज्य शासनाचा पुरस्कार जाहीर झाला आणि सहाच दिवसांत, १२ डिसेंबरला, तो शासननिर्णयाने रद्द झाला. निवड समितीही बरखास्त केली गेली. काही लेखकांनी आपले पुरस्कार परत केले, काहींनी मंडळांचे राजीनामे दिले. ते योग्यच झाले. पण त्या गदारोळात पुस्तकाची समीक्षा मात्र फारशी झाली नाही. एका बाजूने लेखक माओवादी म्हणून पुस्तक नको, दुसऱ्या बाजूने पुरस्कार काढला म्हणून पुस्तक थोर. त्याचे उपशीर्षक ‘तुरुंगातील आठवणी व चिंतन’ असे आहे. माझ्या मते आठवणी जिथे तिहारच्या दिनक्रमाला, तारखांना, बदल्यांना चिकटून राहतात तिथे ते अस्सल आहे. चिंतनाकडे वळते तिथे ते आपल्या जुन्या आश्रमाच्या वाटेला लागते. हे मत चुकीचेही असेल. पण ते मांडायला पुस्तक हातात धरून वाचावे लागते, आणि ज्याने पुरस्कार रद्द केला त्याने ते वाचल्याची खूण शासननिर्णयात नव्हती.

आपल्या घटनेच्या बाविसाव्या कलमात प्रतिबंधक स्थानबद्धतेला जागा आहे. ‘मिसा’ गेला तरी १९८० मध्ये राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला, यूएपीएत दुरुस्त्यांमागून दुरुस्त्या झाल्या, आणि जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. सरकार कोणाचेही असो, टेबल तेच राहते आणि अर्जदार बदलतात. १९७५ मध्ये जे अर्ज लिहीत होते त्यांचे वारस आज अर्ज वाचायला बसले आहेत, उद्या ते पुन्हा उलटेल.

म्हणून मराठी संशोधकांकडे माझी एक साधी मागणी आहे. आणीबाणीत महाराष्ट्राच्या तुरुंगांतून गेलेले अर्ज, नातेवाइकांच्या विनंत्या, पॅरोलसाठी केलेली पत्रे अजून अनेक घरांत ट्रंकेत पडून आहेत. ते लिहिणारे आता ऐंशीच्या घरात किंवा त्यापलीकडे आहेत. संघाच्या घरात, समाजवाद्याच्या घरात, जमातेच्या घरात, तिन्हीकडे जायला हवे, आणि कोण झुकला कोण ताठ राहिला हे न विचारता कागद उतरवून घ्यायला हवेत. त्यावर वरच्या साहेबाने मारलेला शेरा असेल तर तोही. अर्जाच्या तारखेपासून शेऱ्याच्या तारखेपर्यंत किती दिवस गेले, तो आकडा प्रत्येक कागदापुढे लिहावा.